पुजलेली नळी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रभाकर आणि कुसुम उज्जैनच्या माधव नगरला भय्यासाहेबांकडे पोचले, तेव्हा बंदूक अजून पाटावरच होती. गळ्यात माळ घालावी तशी तिच्यावर झेंडूची माळ होती, आणि नळीच्या तोंडाला लाल फडकं बांधलेलं होतं.

"ये, ये पभू! वहिनी, या. अगं निहारिका, चहा टाक, बंदुकीचे वारस आले!" भय्यासाहेबांनी सुनेला हाक मारली.

"वारस कसले? विकत घेणारे म्हणा," कुसुम म्हणाली.

"वहिनी, तुम्ही म्हणजे ना! जिथे जाल तिथे बाजार."

प्रभाकरला हसू आलं. या घरात तो चड्डीत होता तेव्हापासून येत होता. भय्यासाहेबांचे पूर्वज दरबाराच्या शिलेखान्यावर होते, म्हणजे तलवारी-बंदुकांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. प्रभाकरचे पूर्वज त्याच दरबाराच्या दफ्तरात कागद खरडायचे. दरबार गेला, सगळे नोकरीधंद्याला लागले, प्रभाकर रेल्वेतून निवृत्तही झाला. पण मराठी मंडळी जमली की भय्यासाहेब अजून त्याला 'आमचे दफ्तरवाले' म्हणायचे, आणि तो ते मायेनं म्हटलेलं आहे असं धरून चालायचा.

शहराबाहेर चिंतामण गावाकडे त्याची थोडी शेती होती. हरभरा वर आला की रोजडे, म्हणजे नीलगायी यायच्या, घोड्याएवढाली जनावरं, आणि सकाळी शेत तुडवलेलं दिसायचं. नुसता आवाजाचा बार काढला तरी ती पळतात. त्यासाठीच त्याच्याकडे लायसन्स होतं. जुन्या बंदुकीचा घोडा झिजून निकामी झाला, तेव्हा भय्यासाहेब आपणहून म्हणाले होते, "आमची ठासणीची रायफल घेऊन जा. माझ्या मुलाला हौस नाही. बाहेर जाण्यापेक्षा तुझ्या घरी गेलेली बरी." कचेरीची परवानगी आली, लायसन्सवर नंबर चढला. शिलेखानेवाल्यांच्या घरचं शस्त्र दफ्तरवाल्याच्या घरी येणार, या गोष्टीनं प्रभाकर दोन महिने मनातल्या मनात सुखावला होता.

त्यानं माळ बाजूला ठेवून बंदूक उचलली. लाकूड शिसवी, नळी जाड, दारू-गोळी तिच्या तोंडातूनच गजानं ठासायची. घोड्याच्या थोडं पुढे, नळी आणि लाकूड मिळून आवळणारी एक रुंद पितळी पट्टी चकचकत होती.

"ही नवीन दिसते."

"शोभेला. पितळ पाहिजेच ना रे थोडं. बढिया दिसते की नाही?"

"दिसते." प्रभाकरनं सवयीनं नळीखालचा लोखंडी गज उपसला आणि फडक्याच्या गाठीला हात घातला. भय्यासाहेबांनी त्याचं मनगट धरलं.

"हे काय करतोस?"

"रिकामी आहे ना, बघतो."

"पुजलेल्या नळीत गज? आणि दिवाळीच्या आत?" भय्यासाहेबांचा आवाज खाली आला. "पभू, दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजलो असतो. तू या घरात वाढलास रे."

प्रभाकरचे कान तापले. रीत त्याला ठाऊक होती. दसऱ्याला शस्त्र पुजलं की दिवाळीपर्यंत त्या नळीत गज घालायचा नाही, घातला तर त्या घरावर अविश्वास दाखवला असं होतं. भय्यासाहेबांच्या वडिलांनी यावरून एका पाहुण्याला चार लोकांत सुनावलेलं त्यानं याच खोलीत पाहिलं होतं.

"चुकलं," तो म्हणाला आणि गज जागेवर सरकवला.

"रिकामी आहे. मी सांगतोय ना! माझ्यावर भरोसा नाही?"

"काय बोलतोस भय्या."

चहा झाला, निहारिकानं कुसुमला हळदीकुंकू लावलं, आणि बंदूक खोळीत घालून दोघं फ्रीगंजला घरी आली.

घरी आल्यावर कुसुमनं पदर खोचला आणि म्हणाली, "अहो, गच्चीवर चला. ऊन आहे तोवर बघून घ्या."

"काय बघायचं?"

"नळी."

"कुसुम, तू ऐकलंस ना? दिवाळीपर्यंत..."

"दिवाळीपर्यंत ती कपाटात राहणार आहे का? परवापासून शेतावर जायचं म्हणता. बार काढताना बॅटरी धरून शेजारी कोण उभं राहतं? भय्यासाहेब?"

"त्यांनी शब्द दिलाय."

"शब्द त्यांचा, हात तुमचा. माझे डोळे. पाप लागायचं ते मला लागू दे, मी सांगितलं म्हणून केलं म्हणा."

प्रभाकर चिडला, पण गच्चीवर गेला. कुसुमच्या समाधानासाठी, असं त्यानं स्वतःला बजावलं. बांधकामाची उरलेली वाळू कोपऱ्यात होती. नळीचं तोंड त्या ढिगाकडे करून त्यानं बंदूक भिंतीला टेकवून पक्की केली. घोड्याखाली बार पेटवणारी टोपी नाही ना, हे आधी पाहिलं. कुसुमला मागे जिन्यात उभं केलं. मग फडकं सोडून, अंग एका बाजूला ठेवून, दोन बोटांनी धरलेला गज हळूच आत सोडला. ठासणीच्या बंदुकीपुढे तोंड नेऊन आत डोकावायचं नसतं, हे त्याला वडिलांनी लहानपणीच कानाला धरून शिकवलं होतं.

गज टेकला. नळीच्या तोंडाशी गजावर त्यानं खडूची खूण केली, गज बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. रिकाम्या नळीत गजाचं टोक पार घोड्यापर्यंत पोचलं पाहिजे. ते चार बोटं अलीकडे थांबलं होतं.

त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा चार बोटं.

"काय झालं?" जिन्यातून कुसुम.

"भरलेली आहे."

"आई गं!"

"ओरडू नकोस. राहिली असेल आजोबांच्या काळापासून. भय्याला काय माहीत?" हे तो तिला सांगत होता, पण मोठ्यानं स्वतःलाच.

दारू निकामी करायला पाणी लागतं. औषधाच्या पिचकारीनं त्यानं टोपीच्या जागेतल्या बारीक भोकातून पाणी सोडलं, थोडं थोडं, नळीचं बूड भिजेल असं. सोडलेलं पाणी आत मुरलं आणि काही वेळानं भलत्याच ठिकाणी दिसलं. त्या चकचकीत पितळी पट्टीच्या खालून काळा ओघळ आला आणि शिसवी लाकडावरून टपकू लागला.

प्रभाकर बघत राहिला. अखंड नळीला तिथून पाणी यायला वाटच नसते.

दारू पुरती भिजेपर्यंत त्यानं जेवणही घेतलं नाही. मग गजाच्या टोकाला पेच लावून शिशाची गोळी ओढून काढली. तिच्याभोवती गुंडाळलेली चिंधी निघाली. आजोबांच्या काळातली चिंधी हातात घेताच भुगा झाली असती. ही कोरी होती, तिच्यावर ताज्या तेलाचा डाग होता. शेवटी त्यानं पट्टीचे स्क्रू काढले. खाली नळीवर बोटभर लांब चीर होती, केसासारखी बारीक, आणि तिच्या कडांना जळाल्याचा काळेपणा.

त्या जागेवर बार काढणाऱ्याचा डावा हात असतो. कुसुमनं ते न सांगता ओळखलं. तिनं त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी तो एकटाच माधव नगरला गेला. भय्यासाहेब झोपाळ्यावर होते.

"अरे पभू! सकाळीच तर गेलास. करमत नाही का?"

प्रभाकरनं खिशातून गोळी आणि चिंधी काढून झोपाळ्यावर, त्यांच्या मांडीशेजारी ठेवली.

भय्यासाहेबांनी त्या दोन्हींकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गज घातलास?"

प्रभाकर पुढे कधीही हे आठवायचा, तेव्हा त्याला हाच प्रश्न आधी आठवायचा. हात शाबूत आहे ना, वहिनी ठीक आहेत ना, यातलं काही नाही.

"पट्टीही काढली," तो म्हणाला. "कधी तडकली?"

"अरे, ते..." भय्यासाहेबांनी आत पाहिलं आणि आवाज उतरवला. "गेल्या उन्हाळ्यात. विकायच्या आधी एक बार काढून पाहिला. मनगटाला चटका बसला, पण लक्षात नाही आलं. दुसऱ्यांदा भरली आणि टोपी लावणार तर चीर दिसली. मग हिंमत नाही झाली यार, ना बार काढायची, ना गोळी उपसायची. पट्टी बसवली. कारागीर म्हणाला, टिकेल."

"मग मनगट का धरलंस माझं?"

भय्यासाहेबांनी पायानं झोपाळा थांबवला.

"भय्या, अख्खं उज्जैन पडलं होतं. मलाच का?"

"तू समजून घे. बाकी कुणी असतं तर आधी गज घातला असता." ते अजिजीनं म्हणाले, जणू ही समजूत काढण्याचीच गोष्ट होती. "तू घालणार नाहीस, माहीत होतं. आपलं घर मानतोस तू हे. आणि तू काय, आवाजापुरतीच दारू घालणार. मला वाटलं, चालून जाईल."

प्रभाकरला बसावंसं वाटलं. समोर खुर्ची होती, तरी तो बसला नाही. एवढ्या वर्षांचं येणंजाणं, दसऱ्याचं सोनं वाटणं, दोघांच्या वडिलांना एकाच घाटावर दिलेले अग्नी, हे सगळं या माणसानं मनात तोलून पाहिलं होतं, आणि त्यातून एवढंच काढलं होतं की हा तपासणार नाही.

"जाऊ दे ना आता," भय्यासाहेब म्हणाले. "आण परत. तू दिलेले पैसे घेऊन जा. कागद मी उलटे करून घेतो. विषय खतम."

"आणि बंदुकीचं काय करशील?"

"बघू. शाजापूरकडचा एक मागे लागलाय. पट्टी नीट बसवून देऊ."

"त्यालाही पुजून देशील?"

"पभू, आता टोमणे मारू नकोस. कुणाला काय झालंय का? तुझा हात जागेवर आहे."

"कुसुममुळे आहे." प्रभाकर दाराशी वळला. "बंदूक मिळणार नाही. लायसन्सवर माझा नंबर आहे, ती आता माझी आहे. दिलेलं तुझ्याकडेच राहू दे."

"अरे, तडकलेली बंदूक घेऊन काय करणार तू? वेडा आहेस का?"

"तुझ्या हातात नाही देणार, एवढंच करणार."

"दफ्तरवाले ते दफ्तरवालेच!" मागून भय्यासाहेबांचा चढलेला आवाज आला. "घराण्याचं शस्त्र पचायला घराणं लागतं!"

आत निहारिका उंबऱ्याशी उभी होती. तिनं मान खाली घातली. तिलाही माहीत होतं, हे प्रभाकरला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तो खोळ घेऊन टावर चौकाच्या मागच्या, बंदुकांच्या लायसन्सी दुकानात गेला. दुकानदार म्हातारा होता. त्यानं चष्मा लावून चीर पाहिली, नखानं चाचपली आणि मान हलवली.

"ये तो हाथ ले जाती, बाबूजी."

"इसको बेकार लिख दो. थाने में जमा करनी है. ऐसा लिखो कि फिर कोई चला न सके."

"लिख देता हूँ. बैरल तो हुकुम आने पर ही कटेगी." दुकानदारानं कागद पुढे ओढला. लायसन्स उघडून त्यानं आधीच्या मालकाचं नाव वाचलं आणि थबकला. "अरे, ये तो भैयासाहब! आप लोग तो एक ही घर के हो ना? हर दशहरे पे साथ देखता हूँ."

प्रभाकरनं काउंटरवर ठेवलेल्या आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"नहीं," तो म्हणाला. "इनसे सिर्फ बंदूक खरीदी थी."