कुलपात राहिलेलं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. पण माझ्याकडे पाहून तुम्हाला ते खरं वाटणार नाही. माझ्या पहिल्या आठ पानांवर तेवढे बोटांचे डाग आहेत. पुढची पानं कोरी करकरीत आहेत, आणि त्याचीच मला लाज वाटते.

कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत मी आलो. दुष्काळात चिमणीला ज्वारीचं एकच कणीस सापडतं आणि भुकेली खारूताई दारात येते, अशी माझी गोष्ट. असेल ते वाटून खावं, हा माझा बोध. विजयमालाबाई रोज एक पान वाचायच्या. मुलं माझ्याभोवती दाटीवाटीनं बसायची. दुसरीतली ज्ञानेश्वरी तर अक्षरांवर बोट ठेवून बाईंच्या मागोमाग वाचायची.

आठव्या पानावर तिनं विचारलं, "बाई, चिमनी देती का वो कनीस?"

"उद्या सांगते हं," बाई हसल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या बदलीचा कागद आला.

मग पुंजाराम गुरुजी आले. माणूस वाईट नव्हता. दर शनिवारी ते माझ्यावरची धूळ पुसायचे. पण साहेबांच्या तपासणीची त्यांना फार धास्ती. त्यांनी मला कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

दसरा झाला. ज्ञानेश्वरीचे आईबाप ऊसतोडीला कोपरगावकडे निघाले. जाण्याआधी ती गुरुजींकडे आली.

"गुर्जी, चिमनीचं पुस्तक संगं नेऊ का? कोपीवर वाचते. आल्यावर परत आनते."

"उसाच्या पाचटात पुस्तक? फाटलं तर जबाबदारी कुणाची?"

ती कपाटाच्या काचेतून माझ्याकडे बघत उभी राहिली, मग गेली.

सहा महिने तिनं उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळलं. ती परतली त्याच आठवड्यात साहेब आले. कुलूप निघालं. साहेबांनी मला नेमकं तिच्याच हातात दिलं. तिनं बोट ठेवलं, ओठ हलवले. पण शब्द काही येईना. मुलं हसली.

"बघा साहेब," गुरुजी म्हणाले, "पुस्तकं आहेत. पोरंच वाचत नाहीत."

तिनं मला हळूच मिटलं, टेबलावर ठेवलं आणि दप्तर घेऊन घरी गेली. मी कुलपात होतो, असं मला ओरडून सांगायचं होतं, पण पुस्तकाला आवाज वाचणाराच देतो.

पुढं ती आलीच नाही. गुरुजींनी तिच्या आईला, भीमाबाईला, बोलावून घेतलं.

"आता काय उपेग, गुर्जी?" ती म्हणाली. "शाळेचं नाव काढलं की रडती. पुढच्या हंगामाला उसाच्या मोळ्या बांधू लागंल मला."

गुरुजींनी मान खाली घातली. त्या दिवशी तरी ते मुलांसाठी कपाट उघडतील, असं मला वाटलं. त्यांनी उघडलं नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत असं कपाट असेल तर किल्ली मागा. नाही म्हणाले तर पुन्हा मागा. आम्हाला घरी न्या, फडावर न्या, तेलकट हातांनी उलटा. फाटलेलं पान खळीनं चिकटतं. हसू झालेलं लेकरू शाळेत परत येत नाही.