नऊ खाचांचा फलक

विद्यापीठाच्या कला व विज्ञान महाविद्यालयात शिरलात की जिन्यासमोरच्या भिंतीवर एक लांबरुंद लाकडी फलक दिसतो. मित्रांनो, तो मी. माझी एक कड फुगली आहे, पॉलिश उडाले आहे. पण लाकूड अजून ठणठणीत आहे. दुखणे आहे ते निराळेच.

महाविद्यालय उघडले त्या वर्षी पहिल्या प्राचार्यांनी मला करवून घेतले. माझ्या माथ्यावर रंगाऱ्याने त्यांच्याच शब्दांत एक ओळ लिहिली : 'येथे प्रत्येक विद्यार्थी आपल्या विषयाखेरीज एक परका विषय शिकेल.' त्याखाली नऊ खाचा आणि त्यांत सरकणाऱ्या नऊ पट्ट्या : भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानसशास्त्र, गणित, वनस्पतिशास्त्र, चित्रकला आणि सर्वांत खाली संगीत.

"पट्ट्या ठोकून टाकू का?" सुताराने विचारले. "नाहीतर कुणीही ओढून काढेल."

"काढेल कशाला कुणी? उलट विषय वाढतील तेव्हा सोपं जाईल," प्राचार्य म्हणाले. भला माणूस. असले काही त्यांच्या डोक्यातच येत नसे.

ती ओळ नुसती शोभेची नव्हती, बरं का. गणिताची मुले चित्रकलेच्या वर्गातून रंगलेली बोटे घेऊन बाहेर पडत. इतिहासाचे विद्यार्थी आवारात झाडांची पाने गोळा करत हिंडत आणि माळ्याच्या शिव्या खात. मला पाहुण्यांपुढे मिरवले जाई आणि मीही छाती फुगवून घेई.

एका वर्षी गणिताला आलेली एक मुलगी माझ्यासमोर पाय आपटत उभी राहिली. खांद्याला कायम कापडी झोळी, म्हणून पुढे सगळे तिला 'झोळी'च म्हणू लागले. परक्या विषयांपैकी जागा उरली होती ती फक्त संगीताची.

"माझा गळा म्हणजे फुटका भोंगा आहे हो!" ती कारकुनाशी भांडत होती.

गाण्याचे सर जिना उतरत होते. "भोंगा तर भोंगा," ते हसून म्हणाले. "सुरात लागतो का ते तर बघू."

तीन वर्षे तिने त्यांचा एकही तास चुकवला नाही. गळा फारसा सुधारला नाही, पण ताल मोजता मोजता अपूर्णांक नव्याने कळले, असे ती सर्वांना सांगे. दर सोमवारी ती माझ्यावरून फडके फिरवी. मला वाटे, आपल्याला लेक मिळाली.

ती तिथेच गणित शिकवू लागली आणि पुढे प्राचार्या झाली. त्या दिवशी मी निश्चिंत झालो. मित्रांनो, तिथेच फसलो.

चार वर्षांत तिने तत्त्वज्ञान, चित्रकला आणि संगीत हे विभाग बंद केले. मुले कमी येतात, संगणकाला खोल्या हव्यात, असे कारण होते. तीन पट्ट्या तिनेच ओढून काढल्या आणि टेबलाच्या खणात टाकल्या. वाईट वाटले, पण तेव्हा मी निदान खरे तरी बोलत होतो.

मग एक दिवस तपासणी समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. सकाळीच ती त्या तिन्ही पट्ट्या घेऊन आली आणि खाचांत सरकवू लागली.

"मॅडम, हे विभाग तर बंद आहेत ना?" शिपाईमामांनी विचारले.

"एका दिवसाचा प्रश्न आहे, मामा. तुम्ही बोलू नका काही."

निवृत्त झालेले गाण्याचे सर रोज वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला येत. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि ते जागीच थांबले. त्यांनी 'संगीत' चाचपून पाहिले. मग सत्तरीचा तो माणूस कठड्याला धरून संगीताच्या जुन्या वर्गाकडे तीन मजले चढला. मला ओरडून सांगावेसे वाटले, सर, जाऊ नका! पण फलकाला कुठला आवाज?

ते उतरले तेव्हा समिती माझ्यासमोरच उभी होती. "संगीताचे प्रमुख कोण?" अध्यक्षबाईंनी विचारले.

तिने क्षणभरही न थांबता बोट दाखवले. "हे आमचे सर."

सरांनी तिच्याकडे पाहिले. तिने मान वळवली.

"हो," सर म्हणाले. "मीच." तिच्यासाठी ते खोटे बोलले.

समिती चहाला गेल्यावर ती सरांकडे परत आली. "सर, रागावू नका. महाविद्यालय वाचवायला केलं मी."

"वर आपल्या वर्गात मोडक्या खुर्च्या भरल्यात, पोरी," सर म्हणाले. "तू वाचवलंस ते कुठलं महाविद्यालय?"

सरांनी खालची पट्टी ओढून काढली, काखेत घेतली आणि ते फाटकाबाहेर पडले. पुन्हा कधी आले नाहीत. महाविद्यालयाला वरची श्रेणी मिळाली. त्या श्रेणीचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत माझ्या शेजारीच टांगले आहे. तत्त्वज्ञान आणि चित्रकलेच्या पट्ट्या मात्र माझ्यावर तशाच आहेत. काढायचे कुणाच्या लक्षात नाही. नवी मुले विचारत येतात, "चित्रकलेचा वर्ग कुठं?" आणि हिरमुसून परत जातात.

मित्रांनो, माझ्यासारखे फलक तुम्हाला जागोजागी भेटतील. आम्हाला नवा रंग देऊ नका, हार घालू नका. फक्त आमच्यावर लिहिले आहे ते आत खरोखर चालू आहे ना, एवढे जिना चढून पाहत जा. आणि चालू नसेल, तर ती अक्षरे खरवडून टाका. कोरे राहायची आमची तयारी आहे.