अंदाज बंद

माणसाच्या जातीनं आजवर जे काही उभं केलं, ते आधी अंदाज बांधून आणि मग तो पडताळून उभं केलं. आमच्या शाळेतल्या तिसरीच्या बाईंनी हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वर्गाकडे वळून पाहिलं. पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "बाई, नाक शिंकरून येऊ?"

बाईंनी तरी धीर सोडला नाही. गणित दिसलं की आमची पोरं आकड्यांवर तुटून पडत. विचारलंय काय, ते नंतर बघायचं, जमलं तर. बाईंनी क्रमच फिरवला. गणित आधी आपल्या शब्दांत सांगायचं, मग त्याचं चित्र काढायचं, मग उत्तराचा अंदाज करायचा आणि गुणाकार सगळ्यात शेवटी.

एकदा नऊ वाफे दिले, दर वाफ्यात अठ्ठावीस रोपं. नाकवाली मुलगी गुणाकार करत करत एक हजार आठशे बाहत्तरवर पोचली. एरवी खाली दोन रेघा ओढून मोकळी झाली असती. आता थबकली.

"बाई, दहा वाफे नि तीस-तीस रोपं धरली तरी तीनशेच होतात. मग एवढी उगवली कुठून?"

त्या दिवशी बाईंना जेवण गोड लागलं.

घात केला तो दूधवालीच्या मुलानं. सकाळी गिऱ्हाइकं भांडी घेऊन दारात उभी, आई माप ओततेय, आणि हा पायरीवर बसून मोठ्यानं म्हणतो, "आई, दोन गायींचं एवढं दूध निघेलच कसं? अंदाजाच्या फार बाहेर जातंय. पडताळून बघू का?"

गिऱ्हाइकांनी आईकडे पाहिलं. आईनं पाण्याच्या हंड्याकडे पाहिलं नाही, एवढं धोरण राखलं.

झालं. शाळेची सभा बोलावली गेली. अध्यक्ष गावचा खाटीक. बाईंकडून तिसरी काढून घ्यायची आणि त्यांना बालवाडीत झोपलेली पोरं राखायला बसवायचं, असं बाहेर बोललं जात होतं.

बाईंना घोर लागला तो वर्गाचा. पण आधार होता. त्यांचा थोरला भाऊ शेळ्यांचा व्यापारी. शेळी पोटाखालून हात घालून उचलायचा नि वजन सांगायचा. वडलांमागं त्यानंच बहिणीला वाढवलं, खांद्यावर बसवून बाजारात नेलं, "सांग गं, ही किती भरेल?" म्हणून विचारलं. बाईंचं सगळं गणित तिथलं.

"दादा, सभेत एवढंच सांग, की तू आधी अंदाज करतोस."

"अगं, छाती ठोकून सांगतो! त्यात काय?"

सभा वर्गातच भरली. माणसं थेट रानातून आलेली, पायांवर काळ्या मातीचे पोपडे, गुडघे पोरांच्या बाकांत अडकलेले. हललं की बाक करकरायचे.

दूधवालीनं विषयाला तोंड फोडलं. "शिकायला धाडला, तर पोरगा अंदाज करायला लागला! आज दुधाचा करतोय, उद्या पत्त्यांचा करील. जुगारीच व्हायचा तो!"

"खरं आहे," खाटीक म्हणाला. "उत्तर ठाऊक नसेल तर गप बसावं माणसानं."

"अहो, अंदाज म्हणजे थाप नव्हे," बाई म्हणाल्या. "चुकलं तर आपलं आपल्याला कळावं, म्हणून करायचा. माझ्या दादाला विचारा. तो नुसती शेळी उचलून वजन सांगतो."

खाटीक बाकासकट वळला. दादाच्या सगळ्या शेळ्या तोच घेत असे, आणि दादा सांगेल ते वजन धरून घेत असे.

"काय रे? मला देतोस ती जनावरं अंदाजानं?"

दादा उठला. एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा खाटकाकडे. खाटकाकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"छे हो, मालक! घरी काट्यावर चढवल्याशिवाय माझं जनावर दाराबाहेर पडत नाही. अंदाज हा शब्दच नाही आमच्या घरात."

"मग ही काय म्हणते?"

"लहान आहे हो ती. तिला काय कळतंय?"

लहान ती फळ्यापाशी उभी होती. हातात खडू, केसांत पांढरं.

ठराव झाला. तिसरीत अंदाज बंद, बाई बालवाडीत. हात वर करणाऱ्यांत दादाही होता.

माणसं पांगली. बाई फळा पुसत राहिल्या. पुसून झालं तरी पुसत होत्या. दादा दारातच घुटमळत होता.

"रागावलीस?"

"तुझ्याच खांद्यावर बसून शिकले मी, दादा."

"ते खरं गं. पण माझं गिऱ्हाईक तो एकटाच. तो तुटला तर शेळ्या काय घरात बांधून ठेवू?"

"माझा वर्गही एकटाच होता."

दादानं उगाच एक बाक सरळ केला, मग तोच पुन्हा वाकडा केला.

"तो उद्या सकाळी घरी येतोय," दादा म्हणाला.

"कोण?"

"खाटीक. काटा बघायला."

"कुठला काटा?"

"तेच तर." दादानं खाली मान घालून पायाची माती खरवडली. "तुमच्या शाळेत पोरांना उभं करून वजन करतात ना गं, तो देतेस का? उद्यापुरता."