कातळवाडीतलं बंद पडलेलं कीर्तन

मी एक वस्ती आहे, मित्रांनो. वय फार नाही, पण माझी पहिली माणसं मला सोडून गेली, म्हणून स्वतःला जुनी समजते. ओमानमधल्या मस्कत शहरात, बौशर भागाच्याही मागे, डोंगराच्या पायथ्याशी मी पसरले आहे. नकाशात माझं नाव वेगळं आहे. मला कातळवाडी म्हटलं ते भिकाजी मिस्त्रीने. २०११ साली त्याने मारलेली पहिली पहार झणकन उलटी आली, तेव्हा तो हसून म्हणाला, हा तर आमच्या राजापूरचाच कातळ.

तेव्हा इथे ना रस्ता होता, ना वीज. पाण्याचा टँकर आला तर आला. भिकाजी, प्लंबर कासम आणि त्यांचे सोबती उन्हात भिंती उभारत आणि त्याच अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर एका खोलीत राहत. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी भिकाजी धोतर नेसून त्या खोलीत कीर्तनाला उभा राही, खिडक्या लावून, आवाज बेताचा ठेवून. कासम रत्नागिरीचा. नमाज पढून आला की मागे बसून चहाची किटली सांभाळायचा. चिडवायचा, "आटपा बुवा, देव थांबंल, चाय नाय थांबायची." माझं सिमेंट पाण्याने भिजलं, तेवढंच त्या अभंगांनीही भिजलं हो.

मग रस्ता झाला, दिवे आले, वरच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आली; भिकाजीची मंडळी तळमजल्यावरच राहिली. त्या कुटुंबांत शिरीष, त्याची बायको आकांक्षा आणि छोटी पूर्वा. तेही कीर्तनाला बसू लागले. पूर्वरंग संपला की शिरीष बुवांना हार घाली, बुक्का लावी आणि पायांवर डोकं ठेवी. नारदाच्या गादीवर उभा राहिलेला माणूस कोणी का असेना, त्याला वाकायचं, ही आपली रीत. रीत चांगलीच. पण गादी गुंडाळली की जिन्यात तोच शिरीष त्याला नुसत्या मानेने बाजूला व्हायला सांगे.

२०१६ साली कुटुंबवाल्यांनी अर्बाबाकडे, म्हणजे मालकाकडे, तक्रार नेली की या एकट्या पुरुषांना इथून हलवा. पुढे शिरीषच होता. भिकाजीला ते कळलं. तरी त्याला आशा होती, इतकी वर्षं ऐकणाऱ्यांपैकी कोणी तरी आपल्यासाठी एक शब्द टाकील. कोणी टाकला नाही. मालकाचा माणूस आला, "खलास, यल्ला", म्हणजे संपलं, निघा, म्हणून गेला.

सामान पिकअपमध्ये चढत असताना शिरीष खाली आला, हात जोडून. म्हणाला, "बुवा, मनात काही ठेवू नका. शुक्रवारी गाडी पाठवतो. कीर्तन मात्र बंद पडू द्यायचं नाही हं."

भिकाजीने झांजा पिशवीत घातल्या.

"साहेब, ऱ्हायला चालत नाय, तो गायला कसा चालंल?"

कासमने गाडीची फळी लावली. त्या दिवशी त्याने कुणाला चिडवलं नाही.

आज माझ्याकडे बाग आहे, दुकानं आहेत. त्या खोलीत सायकली ठेवतात. एकादशीला शिरीष मोबाईलवर कीर्तन लावतो. पूर्वा अडखळत विचारते, "बाबा, आपले बुवा... ते का गेले?" तो आवाज थोडा वाढवतो.

मित्रांनो, मला रंग द्या, झाडापुसा, माझी ना नाही. पण तुमच्याही वस्तीत असा कोणी राहत असेल. त्याचं नाव-गाव विचारून ठेवा. तुमच्या घरची मोठी माणसं त्याला हलवायचं बोलू लागली, तर तिथेच जेवता जेवता विचारा, का म्हणून? पूर्वानेही विचारलं, पण खोली रिकामी झाल्यावर.