न्हाणीघरातला जुना रहिवासी

"या शहराचा खरा संस्थापक समुद्र आहे!" बँकेच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभं राहून प्राध्यापकांनी जाहीर केलं. संस्थापक कोणीही असो, दार अडवू नका, असं म्हणून पहारेकऱ्याने त्यांना खाली उतरवलं.

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात. प्राध्यापक दगड दाखवत. दर रविवारी शहरातल्या भिंती, पायऱ्या आणि कठडे. आज हौशी मंडळींबरोबर पर्यटन खात्याच्या बाई आल्या होत्या. ही सहल शहराच्या कार्यक्रमात ठेवायची, की तिची वेळ खरेदीच्या सहलीला द्यायची, हे त्या आजच ठरवणार होत्या. आतापर्यंत त्यांनी एकाच दगडाकडे आपण होऊन पाहिलं होतं, तेही त्याची ठेच लागली म्हणून.

पण प्राध्यापकांचा हुकमाचा एक्का अजून हातात होता. बँकेच्या भिंतीत, कधीकाळी समुद्रतळ असलेल्या चुनखडीच्या दगडात, बशीएवढ्या गोल गुंडाळलेल्या शंखाचा जीवाश्म. ते ऐटीत कोपऱ्यावरून वळले आणि थबकले. अख्खी भिंत चकचकीत पत्र्याखाली गेली होती. पत्र्यात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला, तोही लांबट.

"हाच का तो प्राणी?" बाईंनी विचारलं.

"त्याचा सख्खा भाऊ जवळच राहतो," प्राध्यापक म्हणाले आणि पत्ता न सांगता चालू लागले. पत्ता त्यांच्याच घरचा होता. घर बांधताना बायकोने न्हाणीघरात पांढऱ्या टाइल्स मागितल्या होत्या. यांनी खाणीवर जाऊन त्याच दगडाची लादी आणली होती आणि त्याबद्दल अजून ऐकून घेत होते.

बायकोने दार उघडलं. दारातल्या घोळक्याकडे पाहून म्हणाली, "आई आंघोळीला गेलीय."

"किती वेळ लागेल?"

"आज डोक्यावरून आहे."

मंडळी बैठकीत अवघडून बसली. एकाने भिंग काढून खिडकीचा कट्टा न्याहाळला. "काय सुंदर करडा थर आहे!"

"धूळ आहे ती," प्राध्यापकांची बायको म्हणाली.

अखेर सासूबाई डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आल्या. गप्प बसलेली एवढी माणसं पाहून त्यांनी छातीला हात लावला. "कोण गेलं?"

"कोणी नाही, आई," बायको म्हणाली. "ही मंडळी न्हाणीघराची फरशी बघायला आलीत."

"घासलीय मी!" सासूबाई ताडकन म्हणाल्या.

कोरडा दगड फारसं बोलत नाही. त्याला बोलतं करायला प्राध्यापक खिशात पाणी फवारायची बाटली बाळगत. इथे ते काम सासूबाईंनी तांब्या-तांब्याने करून ठेवलं होतं. ओल्या फरशीवर जीवाश्माचा वेढान् वेढा काल कोरल्यासारखा उठला होता.

"हा होय!" सासूबाई म्हणाल्या. "मी समजत होते, डाग आहे. इतकी वर्षं घासतेय, जात नाही मेला."

"मेलाच आहे, आई," प्राध्यापक म्हणाले. "कोट्यवधी वर्षांपूर्वी."

खात्याच्या बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि चक्क गुडघे टेकले. वेढ्यांमधल्या आडव्या रेघांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "ह्या कसल्या?"

"खोल्यांच्या भिंती. वाढला की पुढे नवी खोली बांधायची, आपण तिकडे राहायला जायचं, मागची बंद. मागच्या खोल्यांत हवा भरायची नि त्याच्या जोरावर तरंगायचं."

"आणि इतक्या खोल्यांत भाडेकरू नाही ठेवला?" सासूबाई.

"डोळे होते ह्याला?" बाई.

"असणार. आणि तोंडाभोवती हातच हात."

"मग खायचा काय? रात्री झोपायचा?" बाई आता जवळजवळ आडव्या झाल्या होत्या. त्यांचं बोट सर्वांत आतल्या, टिकलीएवढ्या खोलीवर थांबलं. "म्हणजे ह्याचं बाळपण हे. अजून इथेच." मग मान वर न करताच त्या म्हणाल्या, "सहल राहील. खरेदीवाल्यांना मी सांगते काय ते."

प्राध्यापकांना भरून आलं. दाराबाहेर माना उंचावलेल्या मंडळींकडे वळून त्यांनी हात उंचावला. "मित्रहो, काळाच्या अथांग—"

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "मोरीच्या जाळीवरचा पाय तेवढा उचला. पाणी तुंबलंय."