रेंज येण्याआधी

मुलांनो, समजा तुमच्याकडे तीन पाट्या आहेत. एक तुमच्या मांडीवर, दुसरी आईच्या हातात आणि तिसरी दूर डोंगरावर, बाबांजवळ. या पाट्यांची गंमत अशी की एकीवर लिहिलं की तेच अक्षर उरलेल्या दोघींवर आपोआप उमटतं. मध्ये ना तार, ना दोरी. तुम्ही घरात बसून ‘आंबा’ लिहा, डोंगरावर ‘आंबा’ उमटला म्हणून समजा. दिसल्या का पाट्या डोळ्यांपुढे? छान. आता सांगा, तुम्ही तुमची पाटी ओल्या फडक्याने पुसलीत, तर उरलेल्या दोन पाट्यांचं काय होईल?

पोलादपूरच्या सेजलला हा प्रश्न पडलाच नव्हता.

सेजलच्या बाबांची, अनिलची, एक जीप होती. डोंगरावरच्या वाड्यांमधली माणसं ते महाडला दवाखान्यात नेत आणि परत आणून सोडत. ही माणसं बहुतेक म्हातारी. त्यांची मुलं मुंबईत कामाला. ती तिथून सेजलच्या आईला फोन करायची, “वैनी, आईला गुरुवारी डोळे दाखवायचेत, जीप पाठवा.” आई, म्हणजे वैशाली, पिठाचे हात पुसून फोनमध्ये नाव, वाडी, नंबर आणि तारीख घालायची. महाडच्या मोबाइल दुकानातल्या हर्षदने घरातल्या तिन्ही फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. आईने लिहिलेलं सगळं बाबांच्या फोनमध्ये उमटायचं आणि कोपरा फुटलेल्या तिसऱ्या, जुन्या फोनमध्येही. तो जुना फोन आता सेजलकडे आला होता, चित्रं काढायला शिकण्यासाठी.

भाद्रपद संपत आला होता. शनिवारची शाळा सुटून सेजल घरी आली आणि मोर कसा काढावा याचा व्हिडिओ उतरवायला बसली. फोन म्हणाला, जागा नाही. तिने शोधलं तर आत अनोळखी नावांची ही गर्दी. ही सगळी आईच्या फोनमध्ये आहेतच की, तिने विचार केला. ‘सगळी नावं आणि तारखा पुसायच्या?’ असं फोनने विचारलं. तिने ‘होय’ दाबलं.

मोर काही उतरला नाहीच.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आईचा फोन वाजला. भाकरी थापता थापता आईने तो स्पीकरवर टाकला.

“हॅलो, कोण बोलतंय?”

“कोण म्हणजे? वैनी, आता आवाज पन वळखत नाय का? लय मोठ्या झालात.”

आईने कसंबसं हसून वेळ मारून नेली. फोन ठेवला आणि पडद्याकडे पाहतच राहिली. नाव नव्हतं, नुसते आकडे होते. तिने नावांची जागा उघडली. तिथे काहीच नव्हतं. तारखांचे चौकोन उघडले. तेही पांढरे. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

“फोन बिघडला मेला,” ती म्हणाली. “सेजल, उद्या पहाटे एका नव्या पेशंटला न्यायचंय गो. डायलिसिसला, पहिल्यांदाच. त्यांच्या मुलाने मुंबईहून सांगितलं होतं. नाव काय बरं त्यांचं? वाडी कुठली? लिहिलंय म्हणून मी डोक्यात ठेवलंच नाय.”

“मुलगा परत फोन करील की,” सेजल म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“त्याला आज दुपारपासून सकाळपर्यंत डबल पाळी हाय. फोन गेटवर ठेवून घेतात त्यांचा.”

“आणि... नाय नेलं तर?”

“तसं चालत नाय बाय. अंगात पाणी साठतं, दम लागतो. म्हातारा काळोखात येऊन बसेल रस्त्यावर आणि जीप यायचीच नाय.”

सेजल ओटीवर आली आणि तिने जुन्या फोनमधला कचऱ्याचा डबा उघडून पाहिला. पुसलेलं कधी कधी तिथे सापडतं, असं तिने ऐकलं होतं. डबा रिकामा होता. हर्षदला विचारावं, तर हर्षदचा नंबरही त्याच नावांमध्ये होता.

आतून आई म्हणाली, “जाऊ दे. तुझ्या बाबांच्या फोनात हायत सगळे. कुडपणहून खाली आले की त्यातून घेऊ.”

हे ऐकल्यावर सेजलला खरी भीती वाटली. ॲप टाकताना हर्षद काय बोलला होता ते तिला आठवलं. ‘रेंज असेल तिथे लगेच उमटेल. नसेल तिथे रेंज आल्या आल्या. तुम्हाला काही करायलाच नको.’

वर डोंगरात, कुडपणला, रेंज नव्हती. म्हणजे बाबांची पाटी अजून भरलेली होती. पण जीप खाली यायला निघाली की वाटेत कातळाचं वळण लागायचं. त्या वळणावर जीपमधले सगळे फोन एकदम टिंगटिंगायचे आणि माणसं हसून म्हणायची, “आली बघा मुंबई.” त्या वळणावर बाबांचा फोनही आपोआप पुसला जाणार होता. मग कुठल्या वाडीचे, कुठले आजोबा, उद्या कोण रस्त्यावर येऊन बसणार, हे कुणालाच कळणार नव्हतं.

तिने आईला सांगायला तोंड उघडलं. आई कपाळाला हात लावून बसली होती. सेजलने तोंड मिटलं. फोन बिघडला, असं आईच म्हणाली होती ना.

तेवढ्यात बाहेर पांडूकाकांच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. ते शनिवारी किराणा घेऊन वर जायचे. सेजल कधी कधी त्यांच्याबरोबर जायची आणि बाबांबरोबर परतायची.

“आई, मी काकांबरोबर जाते गो.”

आईने न बघताच हात हलवला.

टेम्पो आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागला आणि धुकं उतरलं. काकांनी दिवे लावले, वेग कमी केला.

“काका, जरा जोरात.”

“जोरात? समोर बैल हाय का बस हाय ते दिसत नाय, आन तुला जोरात पायजे. बापाने खाऊ आणलाय वाटतं?”

सेजल हसली नाही. काकांचा फोन समोर काचेपाशी ठेवला होता. त्यावरच्या रेंजच्या काड्यांवर तिची नजर खिळली होती. काका एका दुकानापाशी थांबले, कांद्याचं पोतं उतरवलं, दुकानदाराशी सुनेच्या बाळंतपणाचं बोलत बसले. सेजलने दाराची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आता जीप निघाली असेल. आता निम्म्यात आली असेल.

टेम्पो कुडपणच्या अरुंद रस्त्याला लागला. धुक्यात हॉर्न ऐकू आला की ती काचेला नाक लावून बघायची. एकदा मोटरसायकल निघाली, एकदा दुधाची गाडी. काड्या तीनवर आल्या, मग दोनवर. इतरांना रेंज गेली की वैताग यायचा. सेजल मात्र मनात म्हणत होती, जा, लवकर जा. काळा ओला कातळ डाव्या हाताने सरकला आणि शेवटची काडी विझली.

पुढच्याच वळणावर धुक्यातून दोन पिवळे दिवे आले. बाबांची जीप होती. रस्ता एकाच गाडीपुरता, म्हणून वर चढणाऱ्या टेम्पोला वाट द्यायला बाबांनी जीप मागे घेऊन कडेला लावली. सेजल उतरून धावली.

“काय झालं गो? आई बरी हाय ना?” बाबांचा चेहरा उतरला.

“बरी आहे. बाबा, फोन काढा. ते रेंज बंद करायचं विमानाचं चित्र दाबा.”

“कशाला?”

“आधी दाबा ना.”

बाबांनी खिशातून फोन काढला आणि विमान दाबलं. सेजलने तो दोन्ही हातांत घेऊन उघडला. नावं होती. सगळी होती. उद्याच्या चौकोनात आईने घातलेलं होतं, ‘येसाजी, वरची वाडी, पिंपळाखाली, पहाटे.’

“आता सांग,” बाबा म्हणाले.

“आईचा फोन... आईच्या फोनमधली नावं गेली. विमान काढलं तर यातली पण जातील.”

“बरं झालं आलीस. असाच हर्षदकडे नेऊ.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “हुशार हाय माझी पोर.”

तो हात तिला फार जड वाटला. ती मागे चंपाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. त्या तपासणीला महाडला निघाल्या होत्या.

जीप कातळाच्या वळणावर आली. पुढे बाबांच्या शेजारी टिंग, मागे टिंग, चंपाबाईंच्या पिशवीत टिंग. “आली बघा मुंबई,” कुणीतरी म्हणालं. सेजलच्या हातातला फोन गप्प होता. तिने तो पुन्हा उघडून पाहिला. येसाजी जागच्या जागी होते.

आता सगळं निभावलं होतं. फोन बिघडला होता, पोर हुशार होती, आणि कुणी काही विचारणार नव्हतं.

“आजी, तुमचा फोन द्याल जरा?” सेजल म्हणाली.

चंपाबाईंनी पिशवीतून फोन काढून दिला. जगात एकच नंबर सेजलला पाठ होता. तिने तो लावला. पुढे गाडी चालवणाऱ्या बाबांना ऐकू जाईल याची खात्री असूनही तिने आवाज खाली आणला नाही.

“आई, उद्याच्या आजोबांचं नाव येसाजी. वरची वाडी, पिंपळाखाली,” ती म्हणाली. “आणि आई, फोन बिघडला नव्हता. पुसलं होतं ते मी.”