स्वखुशीने

शिक्क्याच्या पॅडवर एक केस चिकटला होता. बारीक, आखूड, कुणाचा कोण जाणे — आणि सकाळपासून उमटलेल्या प्रत्येक शिक्क्याच्या बरोबर मधून, अरबी अक्षरांना छेदत, एक पांढरी रेघ गेली होती. दमयंती नखाने तो केस काढू पाहत होती. केस निघत नव्हता, बोट मात्र जांभळं झालं होतं, आणि तो निघत नाहीय ह्याचं तिला आतून बरंच वाटत होतं... कारण पुढचा कागद रईसाचा होता.

एकच पान. वर इंग्रजी, खाली अरबी. उमेदवार स्वखुशीने अभ्यासक्रम सोडत आहे. नाव घालायचं, तारीख घालायची, समन्वयकाची सही, शिक्का. खलास.

अफगाणिस्तानातून अकरा जणी आल्या होत्या, तीन डॉक्टर आणि आठ सुईणी. जेद्दाच्या ह्या बायकांच्या इस्पितळात चोवीस आठवड्यांची फेलोशिप. त्यांचे व्हिसा, त्यांची राहण्याची सोय, ड्युट्या, परीक्षा, सगळं समन्वयक म्हणून दमयंतीकडे; आणि प्रत्येकीबरोबर आलेला महरमही — नवरा, भाऊ, बाप, जो कुणी घरचा पुरुष असेल तो — कारण त्याच्याशिवाय बाईला इथे यायची परवानगीच नव्हती. महरम परत गेला की बाईही परत. एकवीस आठवडे झाले होते. तीन राहिले होते. प्रमाणपत्र हातात असतं तर कुंदुझच्या इस्पितळातली प्रसूतीची खोली रईसाच्या ताब्यात येणार होती, तिने आणखी सुईणी घडवल्या असत्या. नसेल तर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली, गरम पाण्याची पातेली उचलत.

पहिल्या दिवशी आपण हिला हात कसे धुवायचे ते शिकवलं होतं. ही आठवण आली की दमयंतीच्या कानाच्या पाळ्या अजून तापत. बोटांच्या बेचक्या, मनगट, नखं, सगळं सावकाश, मोठ्याने, लहान मुलांना सांगावं तसं. आणि ही उंच, रुंद हातांची बाई शांतपणे पाहत होती, नळाखाली हात धरून तस्संच करून दाखवत होती. नंतर कळलं की तिने चारशेच्या वर बाळंतपणं केली आहेत. बर्फाने रस्ता बंद झालेल्या गावात, कंदिलाच्या उजेडात. एकदा तर गाढवावरून उतरवता उतरवता. तेव्हा का नाही बोललीस, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "तुम्ही इतकं छान सांगत होतात, दमयंतीजान. मध्येच कसं तोडायचं?" उर्दू ती पेशावरच्या छावणीत शिकली होती. दमयंतीची हिंदी सांगलीची. दोघींच्या मोडक्या भाषा मध्ये कुठेतरी भेटत आणि काम चालून जाई.

आणि दमयंती तिच्याकडे बघत राहिली होती, एकवीस आठवडे. इतकं कौतुक तिला स्वतःच्या मुलाचंही कधी वाटलं नसेल...

केस निघाला. तिने तो टिपकागदावर पुसला. आता शिक्का मारायला काही हरकत नव्हती. तिने कागद उचलला, पुन्हा ठेवला, आणि उठून खाली पुरुषांच्या दालनात गेली.

बदरुद्दीन नेहमीच्या खुर्चीत होते. रईसाचे सासरे. त्यांचा मुलगा, म्हणजे रईसाचा नवरा, चार वर्षांपूर्वी सुरुंगाने गेला. आणि कुंदुझमधला खरबुजांचा मळा भावावर सोपवून हा सत्तरीचा म्हातारा सुनेला शिकता यावं म्हणून समुद्रापार आला. सासऱ्याचं नातं मुलाच्या मरणाने तुटत नाही, तो महरमच राहतो. दमयंतीला हे ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा ती त्यावर बराच वेळ विचार करत बसली होती. सकाळी सात ते दुपारी तीन ते इथे बसत. एकदा तिने विचारलं होतं, बाबाजान, कंटाळा नाही येत? रईसाने उत्तराची उर्दू केली होती: "काम ती करते. बसायला एक माणूस लागतो, म्हणून मी बसतो."

परवा घरून फोन आला. त्यांच्या बायकोला लकवा झाला, उजवी बाजू गेली.

त्या क्षणी दमयंतीने मनात एक लढाई उभी केली होती. म्हातारा सुनेला ओढून नेणार, आपण मध्ये पडणार, कफीलाला, म्हणजे ज्याच्या हमीवर व्हिसा होता त्याला, पत्र लिहिणार, प्रशिक्षणाच्या प्रमुख डॉक्टर सहरांना सांगणार. वाक्यंसुद्धा जुळवली होती. आणि म्हातारा म्हणाला काय, तर, मी राहतो. बायकोला फोनवर सांगितलंय, तीन आठवडे कळ काढ.

नको म्हणाली ती रईसा.

आता दमयंती त्यांच्यासमोर उभी होती आणि दोघांना समजेल अशी भाषा नव्हती. बदरुद्दीन उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला, मग वर, प्रसूती विभागाच्या दिशेने बोट केलं आणि मान हलवली, हळूहळू, दोन्हीकडे. माझं ऐकत नाही ती, असंच असावं ते. डोळे सुजलेले होते.

ती वर आली तेव्हा तीन नंबरच्या खोलीत धावपळ होती.

बाळाचं डोकं बाहेर आलं होतं आणि खांदे अडकले होते. तरुण निवासी डॉक्टरने नेहमीचे उपाय करून पाहिले होते — पाय पोटाशी, ओटीपोटावर दाब — आणि मोठ्या डॉक्टरांना निरोप गेला होता, त्या जिन्यात होत्या. दमयंती दाराशी थबकली. दहा वर्षांपूर्वी विद्यार्थिनींना तीच शिकवायची, अशा वेळी घड्याळाकडे बघायचं. तिची नजर आपोआप भिंतीवर गेली. एक मिनिट झालं होतं. डोक्याचा रंग तिला आवडला नाही.

"डॉक्टर, मी पालथी करू का हिला?" रईसा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. निवासी डॉक्टरने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, कर.

रईसा त्या बाईच्या कानाशी वाकली. तोडक्या अरबीत काहीतरी, उम्मी, उम्मी, यल्ला, आणि ते रुंद हात तिच्या काखेत आणि कमरेखाली गेले, आणि ती जड, घामाने निथळणारी बाई पलंगावर वळली, रांगत्या मुलासारखी हातागुडघ्यांवर आली. कुणी ढकललं नाही, ओढलं नाही. रईसाचा हात आत गेला. तिने डोळे मिटले. आंधळा माणूस ओळखीच्या घरात चालतो तसा तो हात चालत होता, आणि दमयंतीला वाटलं, मी हे कधीच करू शकले नसते. आणि लगेच दुसरं काहीतरी वाटलं, जास्त खोलातलं, की मला हे शिकायचं होतं... मला शिकायचं होतं आणि शिकवायचंही होतं.

खांदा सुटला. बाळ आलं, निळसर, लुळं, आणि मग कुणीतरी त्याची पाठ चोळली आणि ते रडलं. दारात पोचलेल्या मोठ्या डॉक्टरांनी नुसती मान डोलावली. रईसा हात धुवायला गेली.

सांगलीच्या नर्सिंग कॉलेजात दमयंती सिस्टर ट्यूटर होती. पुढच्या जूनमध्ये प्राचार्य होणार, असं सगळे धरून चालले होते. विवेकला जेद्दाच्या बँकेत नोकरी लागली आणि तिने राजीनामा लिहिला. घरगुती कारणास्तव. विवेकने काही जबरदस्ती केली नव्हती, आवाजसुद्धा चढवला नव्हता. तुला काय वाटतं, असं विचारलंही होतं, आणि ती म्हणाली होती, मला काय, जाऊ या की! नऊ वर्षं झाली. कुणी विचारलं तर ती हसून सांगे, माझाच निर्णय. आणि ते खोटं नव्हतं. तेच तर... ते खोटं नव्हतं.

नळ बंद झाला. रईसा हात पुसत बाहेर आली.

"कागद तयार आहे?"

"आहे. पण ते वाक्य मला लिहवत नाही. स्वखुशीने, म्हणे."

"का? खरं आहे ना ते." रईसा बाकावर बसली. "सासूने मला वाढवलंय, दमयंतीजान. लग्न होऊन आले तेव्हा तेरा वर्षांची होते. पहिलं बाळंतपण मी पाहिलं ते तिच्या शेजारी बसून, ती करत होती. कंदील मी धरला होता. ती आता एका बाजूने आडवी आहे आणि तिचा म्हातारा इथे माझ्यासाठी खुर्चीवर बसलाय. मला नाही बघवत. कुणी सांगितलं नाही मला, मी जातेय."

"आणि प्रमाणपत्र?"

रईसाने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "काल सगळी संध्याकाळ रडले मी. बाबाजानसमोर. ते म्हणाले, रड. खुशी आहे आणि दुःखही आहे. तुमच्या कागदावर दुःख लिहायला जागा नसेल, तर नसू दे. मी तोंडाने सांगते सगळ्यांना."

किती सरळ बोलली. दमयंतीला वाटलं, बर्फाचा, सुरुंगाचा, चारशे बाळंतपणांचा धाक आपल्याला इतके दिवस वाटत होता. पण हिचं खरं धैर्य कदाचित एवढंच असेल — जे सोडतेय त्याची किंमत कमी करून न सांगणं. आपण तर द्राक्षं आंबट होती, असंही कधी म्हटलं नाही. द्राक्षं नव्हतीच, असं म्हणत आलो.

दमयंती वळली आणि डॉक्टर सहरांच्या खोलीत गेली. मोजकं बोलणारी बाई. नऊ वर्षांत दमयंतीने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"तिची परीक्षा उद्या घ्या," ती इंग्रजीत म्हणाली. "विमान परवा आहे."

"चोवीस आठवडे ही अट आहे, दमयंती. मी घातलेली नाही."

"ती प्रत्येक सुट्टीच्या दिवशी आली आहे. मी हजेरीत घेतलं नाही, कारण नियमात सुट्टीच्या हजेरीला रकाना नाही. ती माझी चूक. आज तीन नंबरमध्ये काय झालं ते विचारून घ्या."

"ऐकलंय मी." डॉक्टर सहरांनी पेन खाली ठेवलं. "तू अशी कधी बोलत नाहीस."

"नाही बोलत," दमयंती म्हणाली. आवाज थरथरत होता, आणि तिने तो लपवला नाही.

"कागद माझ्याकडे पाठव. सकाळी सांगते. वचन देत नाही."

तीन वाजता इस्पितळाची गाडी बायकांना घेऊन निघाली. शराफियाच्या बाजारात असरच्या, दुपारच्या नमाजाच्या, अजानने दुकानांची शटरं अर्धी खाली येत होती, बाहेर माणसं पायरीवर बसून वाट पाहत होती. शेजारच्या केरळी नर्सचा डोळा लागला होता. दमयंतीने खिडकीच्या काचेला कपाळ टेकलं.

तो वर्ग तिला दिसला. लांब, उत्तरेकडे खिडक्या असलेला, चाळीस पांढऱ्या टोप्या, आणि फळ्यापाशी ती — छत्तीस-सदतीस वर्षांची, मोठ्या आवाजाची. ह्या बाईकडे इतकी वर्षं तिने मान वळवून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. वाईट वाटलं. उशिरा, पण पुरतं, छातीत भरून येईल इतकं. आणि त्यात विवेकवरचा राग शोधायला गेली तर तो सापडला नाही, निदान आज तरी नाही. नुसतं वाईट वाटणं होतं, स्वच्छ, आणि त्याची भीती वाटत नव्हती.

सकाळी सहरबाई काय सांगतील, ठाऊक नव्हतं. घरी गेल्यावर विवेकला सांगायचं का, सांगितलं तर तो काय म्हणेल... मला, असं तिने मनातल्या मनात सुरू केलं, मला तेव्हा... आणि वाक्य पुढे जाईना. घर यायला अजून वेळ होता. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.